एल्विराच्या कुपीतला उजेड

रिम्मा ओसिपोव्नाला एल्विराचा हेवा वाटतो, हे खारकिवमधल्या आमच्या भौतिकशास्त्राच्या संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त एल्विराला. आणि हेवा तरी कशाकशाचा! एल्विराचे केस विस्कटले तरी तिला शोभून दिसायचे, त्याचा. ती उशिरा आली की फाटकावरचा म्हातारा हसून दार उघडायचा आणि रिम्मा जरा उशिरा आली की तोच म्हातारा पास मागायचा, त्याचा. दोघी एका वर्गात शिकल्या होत्या. विद्यार्थी असताना सगळ्यांबरोबर दोघींनाही सामूहिक शेतावर बटाटे काढायला धाडलं होतं. रिम्मानं पाठीचा काटा ढिला होईपर्यंत बटाटे काढले आणि एल्विरा गवताच्या गंजीआड झोपून राहिली. संध्याकाळी मुकादमानं कौतुक केलं ते एल्विराचं, कारण तिनं त्याला गाणं म्हणून दाखवलं. ही हकीकत रिम्मा पंचवीस वर्षांनंतरही कालच घडल्यासारखी सांगायची आणि सांगताना तिच्या नाकपुड्या फुलायच्या.

तरीही दोघी एकाच खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायच्या, आणि कुणी वेगळी खोली देऊ केली तर दोघीही नको म्हणायच्या. रिम्मानं लग्न केलं नाही. एल्विरानं दोनदा केलं, दोनदा मोडलं आणि दोन्ही वेळा रडायला ती रिम्माच्याच स्वयंपाकघरात आली. रिम्मानं तिला बिटाचं गरम सूप, बोर्श, वाढलं, पाठीवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, 'हिला दोन मिळाले, मला एकही नाही.' बाई वाईट नव्हती हो. पण दुसऱ्याच्या ताटात काय पडलं ते पाहिल्याशिवाय तिला स्वतःचा घास गोड लागत नसे.

रिम्मानं मनापासून एकाच गोष्टीवर जीव लावला होता, तो म्हणजे कार्बनच्या साठ अणूंचा चेंडू. फुलरीन. शिवलेल्या फुटबॉलसारखा गोल रेणू, डोळ्याला न दिसणारा. त्याची पहिली चिमूटभर काळी भुकटी आमच्याकडे आली तेव्हा रिम्मानं ती टोल्युइन नावाच्या द्रवात विरघळवली, द्रावणाला सुरेख जांभळा रंग चढला आणि त्या दिवसापासून बाई दुसऱ्या कशाकडे बघेना. या चेंडूवर प्रकाश टाकला तर तो किती उजेड परत देतो, हे मोजणं तिचं काम. प्रकाश खाऊन इलेक्ट्रॉन माळ्यावर चढतो, खाली येताना त्यानं उजेड टाकायला हवा. पण हा चेंडू सगळ्या बाजूंनी इतका एकसारखा, की निसर्गाचे नियम त्याच्या इलेक्ट्रॉनला उजळ माथ्यानं खाली येऊच देत नाहीत. तो चोरपावलांनी उतरतो, बहुतेक सगळं उष्णतेत घालवतो आणि नावाला थोडासा गडद तांबडा उजेड सोडतो, तोही यंत्रालाच कळेल इतका. खोलीच्या उबेत रेणू थरथरत असतात आणि त्या उजेडाच्या रेघा फिसकटतात. म्हणून तो द्रव हेलियमच्या थंडीत मोजायचा.

"मेला कंजूष आहे," रिम्मा लाडानं म्हणायची, "पण देतो ते चोख."

अशा चोख उजेडाच्या आलेखांकडे कोण बघणार? कुणी बघत नव्हतं. आणि मग एके दिवशी एल्विराला शेपटी सापडली.

म्हणजे झालं असं, की एल्विराच्या दुसऱ्या नवऱ्याचा एक मित्र मॉस्कोकडे रसायनं करायचा. नवरा गेला, पण मित्र राहिला. एल्विराचं सगळं असंच. त्यानं चेंडूला एका बाजूनं अणूंची एक छोटी शेपटी जोडून दिली. शेपटी लागली की चेंडूचा एकसारखेपणा मोडतो, नियमांचा धाक जरा कमी होतो आणि उजेड थोडा वाढतो.

"अगं रिम्मा, बघ तरी! शेपटी लावली आणि मेला बोलायला लागला!" एल्विरा आलेख फडकावत आली.

"शेपटी लावल्यावर कुणीही बोलेल," रिम्मा मान वर न करता म्हणाली. "माझा बिनशेपटीचा काय बोलतो ते ऐकायला अक्कल लागते."

"म्हणून तर तो तुला दिलाय, अकलेच्या कांद्या!" एल्विरा खो खो हसली आणि रिम्माच्या बशीतला हलव्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून निघून गेली. रिम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. हलव्यासाठी नव्हे. त्या आलेखातली रेघ खरंच तिच्या रेघेहून उंच होती.

ते दिवस हालाचे होते. सोव्हिएत संघ मोडून देश नवा झाला होता आणि संस्था जुनी. रेडिएटर गार पडलेले, सगळे कोट घालून काम करायचे. विभागप्रमुख मत्वेय दाविदोविच तर लोकरी टोपी घालूनच बैठक घ्यायचे. हेलियमचा द्रव करणारं यंत्र पूर्वी दर आठवड्याला चालायचं, ते आता महिनोन्‌महिने बंद असायचं. त्या हिवाळ्यात बातमी आली की यंत्र एकदा चालणार आहे आणि एकाच प्रयोगाला पुरेल इतका हेलियम मिळणार आहे. रिम्मा शरद ऋतूपासून वाट पाहत होती. तिनं एक स्फटिक वाढवला होता, आरशासारख्या पैलूंचा, इतका शुद्ध की तसा पुन्हा होईल याची तिला खात्री नव्हती.

मत्वेय दाविदोविचांनी टोपी मागे सरकवली. "हेलियम एल्विरा रोमानोव्नाला."

"आणि माझा स्फटिक?" रिम्मा म्हणाली.

"तुमच्या स्फटिकाचं काय, रिम्मा ओसिपोव्ना, तो शंभर वर्षं टिकेल. तुमच्यासारखाच पक्का आहे. शेपटीवाल्याचा भरवसा नाही."

सगळे हसले. एल्विराही हसली, आणि हसता हसता तिनं टेबलाखालून रिम्माचा हात दाबला. त्या दाबण्यानं रिम्माला जास्तच लागलं. दया दाखवते काय माझ्यावर, तिला वाटलं, हेलियम घेऊन वर दया!

आता आमच्या खोलीतली एक पद्धत सांगायला हवी. फुलरीनचा नमुना हवा काढलेल्या काचेच्या कुपीत बंद केलेला असला, तरी त्याला उजेडात ठेवायचं नाही. उजेड पडत राहिला की शेजारशेजारचे चेंडू एकमेकांचे हात धरतात, त्यांची साखळी होते आणि नमुना नासतो. म्हणून प्रत्येक कुपी फोटोच्या काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवायची. हा नियम रिम्मानंच केलेला. कुणी विसरलं की ती असं काही बोलायची की ऐकणाऱ्याला कपाटात शिरून दार लावून घ्यावंसं वाटे. लोक तिची टर उडवायचे, "कुपीला कफनी घातली का रे? नाहीतर रिम्मा येईल!" एल्विरा हा नियम सगळ्यांत जास्त मोडायची, म्हणून तिच्या कुप्याही रिम्माच गुंडाळून ठेवायची.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर रिम्मानं कपाट उघडलं. सोमवारी लागणारी एल्विराची कुपी पुढेच होती. तिनं काळा कागद सोडला, कागदाची नीट घडी घातली, पाऱ्याचा दिवा ओढून कुपीच्या समोर ठेवला आणि लावला. निळसर उजेड काचेवर पडला. तिला बरं वाटत होतं, घट्ट बूट काढल्यावर वाटतं तसं. सोमवारी एल्विराचा मेला गप्प बसेल, आलेख सपाट येईल, आणि मग म्हणतील लोक, रिम्माच्या स्फटिकाला हेलियम द्यायला हवा होता. दाराला कुलूप लावून ती घरी गेली. दोन दिवस ती बाहेर पडली नाही. बटाटे सोलले, पडदे धुतले, आणि फोन वाजला तेव्हा उचलला नाही, कारण तो एल्विराचा असणार हे तिला माहीत होतं.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी आली, दिवा विझवला, कुपी होती तशी कागदात गुंडाळून ठेवली.

हेलियम आला. पांढऱ्या धुक्यात मोठ्या थर्मासातून तो ओतला गेला. एल्विरानं लेझर सुरू केला, आलेखाचा कागद सरकायला लागला आणि लेखणी हलली. आधी ठरल्या जागी एक छोटी टेकडी आली, रोजच्यापेक्षा बुटकी. रिम्माला हेच हवं होतं. आणि मग, तांबड्याच्याही पलीकडे, जिथे काहीच असायला नको होतं तिथे, लेखणी वर चढायला लागली. चढली, चढली आणि कागदाच्या कडेला जाऊन खटकन अडकली.

"आलेखाची मोजपट्टी बदला! मोठी करा पट्टी!" मत्वेय दाविदोविच ओरडले आणि त्यांची टोपी खाली पडली.

पट्टी बदलली तरी शिखर मावेना. एवढा उजेड या चेंडूनं आमच्याकडे कधी दिला नव्हता. लोक दुसऱ्या खोल्यांतून धावत आले. एल्विरानं मागं वळून रिम्माला कवटाळलं. "तुझा हातगुण, रिम्मा! कुपी तूच गुंडाळली होतीस ना? तुझाच हातगुण!"

रिम्मा तिच्या मिठीत लाकडासारखी उभी होती. तिला सगळं समजलं होतं. हात धरलेल्या चेंडूंनी हा उजेड टाकला होता. शेपटीवाले चेंडू साखळीत गुंफले की इलेक्ट्रॉनला उतरायला नवा जिना मिळतो, हे कुणी पाहिलं नव्हतं. ते तिनं केलं होतं. तिच्या दिव्यानं, तिच्या शुक्रवारानं. आणि लोक टाळ्या वाजवत होते एल्विरासाठी.

प्रयोगशाळेतलं स्पिरिट पाण्यात मिसळून पेले भरले गेले. एल्विराला जर्मनीहून फोन आला, तिथले लोक बोलवत होते. जो तो तिच्या पाठीवर थाप मारत होता. रिम्माला झोप येईना. चोरानं घर फोडावं आणि मालक लॉटरी लागल्यासारखा नाचावा, तसं काहीसं झालं होतं, आणि चोराला तक्रार करायचीही सोय नव्हती. सांगायचं म्हटलं तर काय सांगणार? माझं आहे ते, कारण मी तुझं नासवायला गेले होते?

मग आले ते उलटे दिवस. एवढ्या उजेडाची बातमी पसरल्यावर यंत्र पुन्हा चालवायला वरून परवानगी मिळाली. एल्विरानं दुसरी कुपी काढली, चांगली काळ्या कागदातली. लेखणीनं ठरलेली टेकडी काढली आणि पुढे सरळ रेघ. तिसरी कुपी, तेच. एल्विरा यंत्राला लाथा घालायची बाकी राहिली. रिम्मा कोपऱ्यात बसून हे पाहत होती आणि तिला मनातून आनंद होत होता, उघडा-नागडा आनंद. होऊ दे हिचंही हसं.

"रिम्मा, काय चुकतंय माझं?" एल्विरा टेबलावर डोकं टेकून म्हणाली. "तू तरी सांग. तुला सगळं कळतं."

"मला काय कळतंय," रिम्मा म्हणाली. "मी बिनशेपटीवाली."

गुरुवारच्या सभेत एल्विराला सगळ्यांसमोर उभं राहून निकाल मागे घ्यायचा होता. सभागृहात सगळे कोट घालून बसले होते. ती फळ्यापाशी गेली, दोन्ही आलेख लावले, काहीतरी पुटपुटली. तिचा आवाज बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिला केस विस्कटलेले शोभत नव्हते. रिम्मा पहिल्या रांगेत होती. हे दृश्य तिनं बटाट्याच्या शेतापासून मागितलेलं होतं.

मत्वेय दाविदोविच उठले. ते मनानं चांगले, त्यांना प्रकरण लवकर मिटवायचं होतं. "झालं गेलं सोडा. पहिल्या कुपीत घाण गेली असणार. कुणाच्या बोटाचं तेल, नाहीतर नळीचं ग्रीस. घाण चमकते, आपण फसतो, सगळ्यांचं होतं असं. तो उजेड घाणीचा होता, असं लिहून टाकू."

"घाण नव्हती ती!"

रिम्मा उभी होती. कधी उठली ते तिलाही कळलं नाही. एल्विराची नाचक्की तिला चालली असती. पण तिच्या उजेडाला घाण म्हणतात?

"घाण नव्हती," ती म्हणाली. "मी काळा कागद काढला होता. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत कुपी पाऱ्याच्या दिव्यासमोर ठेवली होती. चेंडूंनी हात धरले, उजेड त्यांचा आहे. म्हणजे माझा आहे."

"तुम्ही?" मत्वेय दाविदोविच म्हणाले. "आख्ख्या संस्थेला कफनी घालणाऱ्या तुम्ही? कशासाठी?"

"हिचं बिघडावं म्हणून."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले, प्रेमानं, डोळे पुसत. काळा कागद आणि रिम्मा! मत्वेय दाविदोविचांनी तर खिशातून रुमाल काढला. "ही मैत्री बघा," ते गहिवरून म्हणाले, "मैत्रिणीची चूक झाकायला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेते बाई. दिव्याची कल्पना मात्र भारी आहे, रिम्मा ओसिपोव्ना. करून बघू." आणि टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा रिम्मासाठी सभागृह उभं राहिलं, आणि तेही ती खरं बोलली असता खोटं समजून.

हसली नाही ती एकटी एल्विरा. ती फळ्यापाशी खडू धरून उभी होती आणि रिम्माकडे बघत होती.

बाहेर जिन्यात तिनं रिम्माला गाठलं. "खरंच माझं बिघडावं म्हणून?"

"हो."

"आणि मी तुला मिठी मारली तेव्हा?"

"तेव्हा जास्तच."

एल्विरानं मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. बरंच काही आठवून बघत असावी. "तुला हवं होतं तर मागायचंस ना गं," ती म्हणाली. "हेलियम मी तुला दिला असता. मूर्ख बाई. मी मत्वेयना सांगायला जाणारच होते, त्या दोन दिवसांत तू फोन उचलला असतास तर." आणि ती खाली उतरून गेली.

पुढचं सगळं झटपट झालं. कुप्या दिव्यासमोर ठेवल्या आणि तो उजेड पुन्हा आला, हवा तेव्हा येऊ लागला. शोधनिबंध लिहिला गेला. एल्विरानं स्वतःच्या हातानं रिम्माचं नाव पहिलं टाकलं, स्वतःचं दुसरं, आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "शोध तिचाच आहे." जर्मनीलाही तिनं रिम्मालाच धाडलं. तिथे लोकांनी रिम्माचं भाषण कान देऊन ऐकलं, प्रश्न विचारले, तिच्याबरोबर छायाचित्रं काढली. दुसऱ्याच्या ताटात बघायचं काही कारण उरलं नव्हतं. यावेळी सगळं तिच्याच ताटात होतं.

ती परत आली तेव्हा टेबलाची दुसरी बाजू मोकळी होती. एल्विरा वरच्या मजल्यावर गेली होती, चुंबकवाल्यांच्या विभागातून आलेल्या झान्नाबरोबर. झान्ना पन्नाशीची, लठ्ठ, धांदरट बाई. हातातलं पाडल्याशिवाय तिचा दिवस जायचा नाही. जिन्यात भेट झाली की एल्विरा रिम्माला नमस्कार करायची, तब्येत विचारायची, निबंधाचं अभिनंदन करायची. "या ना कधी वर, रिम्मा ओसिपोव्ना," म्हणायची. अगदी फाटकावरच्या म्हाताऱ्याशी बोलावं तशा गोड आवाजात.

वसंत आला तेव्हाची गोष्ट. रिम्मा काही निमित्त काढून वर गेली. दार लोटलेलं होतं आणि आतून एल्विराचा आवाज येत होता.

"अगं ए म्हशी, डोळे फुटलेत का? पुन्हा कुपी उघडी टाकलीस! किती वेळा सांगायचं तुला? माझ्या कपाळी काय सगळी येडीच लिहिलीत? आण इकडे, मी गुंडाळते. आणि तो माझा केकचा तुकडा होता, हावरट!"

झान्ना तोंड पुसत बाहेर आली, डोळे पाण्यानं भरलेले, ओठाला साखर चिकटलेली. रिम्माला पाहून तिनं मोठा उसासा टाकला.

"तुमचं बरं आहे बाई, रिम्मा ओसिपोव्ना," ती म्हणाली. "तुम्हाला त्या कधी एक शब्द बोलत नाहीत."

रिम्माला तिच्या फाडकन थोबाडीत मारावीशी वाटली.